न काढलेल्या तिकिटाचं बक्षीस आणि न वटलेला चेक



भाताची रोपं, करपा, युरियाची मात्रा यांबद्दल आपण या पत्रकातून नेहमी बोलतो. आज जरा वेगळ्या रोगाबद्दल बोलायचं आहे. तो खाचरात दिसत नाही, बँकेच्या पासबुकात दिसतो, आणि दिसतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

आपल्या मावळात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पैसा आला तो भातापेक्षा जमिनीतून जास्त. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, त्याआधी त्याच्यासाठी जमिनी गेल्या. तळेगावकडे एमआयडीसी वाढली. लोणावळा-खंडाळ्यात आणि पवना धरणाच्या कडेने बंगले उठले. कुणी पॉलीहाऊसमध्ये गुलाब लावला, कुणी वाड्याच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढल्या. चांगलंच झालं. पण गूळ तिथे मुंगळे. अमक्या गावात पैसा आला आहे ही बातमी चोरालाही कळते, आणि आताच्या चोराला घर फोडायला यावं लागत नाही. तो फोन करतो.

तो दोन सोंगं घेऊन येतो. एक, तुम्हाला बक्षीस लागलं आहे. दुसरं, हा घ्या चेक, जास्तीचे पैसे तेवढे परत करा.

बक्षीस लागलं, पण तिकीट कुठे आहे?

व्हॉट्सॲपवर एक चित्र येतं. त्यावर अमिताभ बच्चनचा फोटो, 'कौन बनेगा करोडपती'चं नाव, एखाद्या मोठ्या बँकेचा शिक्का, आणि मजकूर असा की तुमच्या मोबाईल नंबराला २५ लाखांची लॉटरी लागली. सोबत बोललेला निरोपही असतो, हिंदीत, अगदी अदबीने. या पद्धतीने देशभर लोक फसले आहेत आणि पोलिसांनी त्याबद्दल वेळोवेळी सावध केलं आहे. यातले पुष्कळ नंबर ९२ या आकड्याने सुरू होतात. आपल्या देशाचा आकडा ९१ आहे. ९२ पाकिस्तानचा. पण नुसतं तेवढ्यावर विसंबू नका, कारण इथला नंबर घेऊनही हा धंदा चालतो. कार्यक्रम खरा आहे, २००० सालापासून लोक तो पाहतात. पण त्यात प्रश्नांची उत्तरं देऊन माणूस निवडला जातो. सिमकार्डाचा नंबर काढून कुणाला २५ लाख देत नाहीत.

आता खरी लॉटरी कशी चालते ते बघू, म्हणजे खोटी ओळखायला सोपं जाईल. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तिकीट विकत घेताना विक्रेत्याने तुमचं नाव लिहून घेतलं का? फोन नंबर विचारला का? नाही. तिकीट ज्याच्या हातात, तो मालक. मग सोडत झाल्यावर हे बक्षीस कुठल्या गावच्या कुणाला लागलं हे सरकारलाही ठाऊक नसतं. निकाल जाहीर होतो, आपण आपला नंबर ताडून पाहायचा, आणि मूळ तिकीट घेऊन आपणच बक्षीस मागायला जायचं. म्हणजे ज्याने तिकीट काढलं नाही त्याला बक्षीस लागत नाही, हे तर झालंच. पण ज्याने तिकीट काढलं आहे त्यालाही 'तुम्हाला लागलं' असा फोन येण्याचा रस्ता नाही. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

यावर गडी हुशारीने म्हणतो, "साहेब, रक्कम तयार आहे, फक्त कर भरायचा राहिलाय." पहिल्यांदा आठ हजार. मग 'फाईल फी' बारा हजार. मग बँकेची मंजुरी, मग जीएसटी, मग दिल्लीच्या साहेबाची सही. दर वेळी रक्कम थोडी वाढते, आणि दर वेळी तुम्हाला वाटतं की इतके भरले, आता मागे फिरलो तर तेही बुडतील. माणूस अडकतो तो लोभाने कमी आणि या भरलेल्या पैशाच्या ओढीने जास्त. दोन बोअर कोरड्या गेल्यावर तिसरी मारणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

कराचं खरं असं आहे. लॉटरीच्या मोठ्या बक्षिसावर ३० टक्के आयकर आहे. पण रोख बक्षिसातून तो देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम हातात देतो. तुम्ही आधी खिशातून भरायचा प्रश्नच येत नाही. बक्षीस गाडीसारखी वस्तू असेल तेव्हा मात्र कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय ती देऊ नये असा नियम आहे. लुच्चे नेमका याच नियमाचा आडोसा घेतात. टपालाने पाकीट येतं, आत खरवडायचं कार्ड, खरवडलं की गाडी. खाली लिहिलेलं असतं, 'सरकारी कर आधी भरावा लागेल.' अर्धं खरं असतं म्हणून ते पचतं. पण खरा कर सरकारी खजिन्यात जातो आणि त्याचं चलन निघतं. कुणा एका माणसाच्या फोन नंबरावर किंवा बचत खात्यावर आयकर जमा होत नाही, मग ते खातं कुठल्याही बँकेचं असो.

परदेशातली लॉटरी लागली म्हणून पत्र आलं तर त्याहून सोपं. आपल्या परकीय चलनाच्या नियमांत २००० सालापासून स्पष्ट आहे की परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी इथून पैसे पाठवायला बंदी आहे. अशा भूलथापांसाठी पैसे बाहेर पाठवू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने मे २०१० मध्ये परिपत्रक काढून बजावलं होतं. रिझर्व्ह बँक स्वतः तुमच्या-आमच्या नावाचं खातं उघडत नाही, बक्षीस वाटत नाही. तरी 'रिझर्व्ह बँकेत तुमचे अमुक कोटी पडून आहेत' असं पत्र गव्हर्नरच्या सहीनिशी येतं. सही छापायला काय लागतं?

जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी वर्तमानपत्रात सोपं कोडं यायचं. सोडवलं की ट्रान्झिस्टरचं बक्षीस, पण व्हीपीने पार्सल सोडवायला पैसे भरा. पार्सल फोडलं की आत भलतंच. खेळ तोच आहे, टपालाचा पोरगा आता मोबाईल झाला एवढंच. नायजेरियात हा धंदा इतका माजला की तिकडच्या फसवणुकीच्या कलमावरून जगभर त्याला 'चारशे एकोणीस' म्हणतात. आपल्याकडे चारशे वीस म्हणत, तसंच. आपलं ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं. शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. पण गावात चारशे वीस हा शब्द काही लवकर जायचा नाही.

चेक टाकला म्हणजे पैसे आले का?

आता दुसरं सोंग. हे जास्त वाईट, कारण इथे तुम्ही फुकटचं काही मागत नसता, आपला माल विकत असता.

समजा, तुमच्या घरी इंद्रायणी तांदूळ आहे. हे वाण आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचंच, १९८७ साली आलेलं, आणि आज पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक त्याच्यासाठी शोधत येतं. तुमच्या पोराने मोबाईलवर जाहिरात टाकली. शुक्रवारी दुपारी फोन येतो. लोणावळ्याला लग्न आहे, पाच क्विंटल हवेत, ७० रुपये किलोने ३५ हजार. घासाघीस नाही. इथेच जरा कान टवकारा, कारण न पाहिलेल्या मालाला घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मावळात तरी आमच्या पाहण्यात नाही.

संध्याकाळी माणसाच्या हाती चेक येतो, ८५ हजारांचा. मागोमाग फोन, "काका, गडबडीत मंडपवाल्याचे पण त्यातच लिहिले गेले. तुमचे ३५ ठेवा, त्याला ४५ फोनवरून पाठवा. पाच हजार तुमच्या तसदीचे." काका म्हणतो, आवाज गोड, पाच हजार वर. तुम्ही शनिवारी सकाळी चेक खात्यावर टाकता. फोनवर संदेश येतो की चेक मिळाला, वसुलीला पाठवला. इंग्रजीत असतो, पोरगा वाचतो, "आले बघा पैसे." मंडपवाल्याचे दोन फोन येऊन गेलेले असतात. तुम्ही ४५ हजार पाठवता. टेम्पो येऊन तांदूळ भरून जातो.

सोमवारी किंवा मंगळवारी चेक परत. खातं बंद आहे, किंवा सही जुळत नाही, किंवा चेकच बनावट. तुमचे ४५ हजार गेले, ३५ हजारांचा तांदूळ गेला, आणि चेक परत आल्याचा आकार बँक तुमच्याच खात्यातून कापते.

खाचरात रोप लावलं म्हणजे खळ्यावर भात आलं असं कुणी म्हणत नाही. चेकचं तसंच आहे. चेक भरणं ही लावणी, चेक वटणं ही मळणी. मधे काय होतं ते समजून घ्या. तुमची बँक चेकचं छायाचित्र देणाऱ्याच्या बँकेकडे पाठवते. ती बँक सही बघते, शिल्लक बघते, मग हो किंवा नाही म्हणते. 'हो' आल्यावरच पैसे तुमचे. पूर्वी याला दोन-तीन दिवस लागत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून छायाचित्रं दिवसभर पाठवण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे कामाच्या दिवशी वेळेत भरलेल्या चेकचा निकाल आता बहुधा त्याच दिवशी लागतो. पण तुमचं खातं पतसंस्थेत असेल आणि तिचे चेक दुसऱ्या बँकेमार्फत जात असतील, तर वेळ जास्त लागू शकतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद. आणि लबाड माणूस शुक्रवारची संध्याकाळ का निवडतो ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

म्हणून चेक टाकल्यावर शाखेत जाऊन एकच वाक्य विचारा, "चेक वटला का?" 'जमा झाला का' असं विचारू नका. जमा या शब्दाचे दोन अर्थ निघतात, आणि तिथेच माणूस फसतो. वटला आणि रक्कम काढता येते असं बँकेने सांगितल्यावर माल द्या. तरीसुद्धा आलेल्या चेकमधले 'जास्तीचे' पैसे तिसऱ्याला पाठवायचं काम घेऊच नका. चेक चोरीचा असेल, दुसऱ्याच्या खात्याचा हुबेहूब छापलेला असेल, तर वटूनही पुढे मूळ मालक तक्रार करतो आणि चौकशी तुमच्या दारात येते. ज्याला मंडपवाल्याचे पैसे द्यायचे आहेत, त्याने त्याला वेगळा चेक लिहावा. दोन पानं फाडायला कुणाचे हात दुखत नाहीत.

काही जण चेकही देत नाहीत. बँकेत पैसे भरल्याच्या पावतीचा फोटो पाठवतात, किंवा '८५,००० जमा' असा बनावट संदेश पाठवतात. संदेश वाचून नव्हे, आपल्या खात्याची शिल्लक बघून पैसे आले म्हणा. आणि कुणी म्हणाला की पैसे पाठवतो, त्यासाठी हा चौकोन स्कॅन करून पिन टाका, तर फोन बंद करा. पिन पैसे देण्यासाठी लागतो. घेण्यासाठी कधीच लागत नाही.

आपल्या भागात आणखी एक सोंग चालण्यासारखं आहे. लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे, देहूरोडला लष्कराची ठाणी आहेत. देशात अनेक ठिकाणी भामट्यांनी 'फौजी बोलतोय, बदली झालीय' म्हणून माल मागवून किंवा खोली भाड्याने घेतो म्हणून लोकांना लुटलं आहे. ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. फौजेबद्दल आपल्याला आदर आहे, तोच ते वापरतात. उद्या असा फोन आला तर आदराने बोला आणि म्हणा, "साहेब, समोर या, पैसे द्या, माल घ्या."

चेक खरा कसा ओळखायचा, असं पुष्कळ जण विचारतात. आताच्या चेकवर कागद उजेडात धरला की 'सीटीएस इंडिया' असं पाणचिन्ह दिसतं. तारखेपासून तीन महिन्यांत तो भरावा लागतो, हा नियम १ एप्रिल २०१२ पासूनचा आहे. त्याआधी सहा महिने होते. ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी १ जानेवारी २०२१ पासून बँकांनी एक सोय केली आहे. चेक लिहिणारा आपल्या बँकेला नंबर, तारीख, नाव, रक्कम आधी कळवतो, म्हणजे खाडाखोड पकडली जाते. जमिनीचा, ट्रॅक्टरचा मोठा चेक कुणी देत असेल तर बँकेला कळवलंय का हे विचारायला संकोच करू नका. पण खरं सांगायचं तर चेक पाहून खरा-खोटा ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. चांगल्या छापखान्याचं काम बँकेच्या माणसालाही चकवतं. चेक नव्हे, वटणं बघा. आणि रक्कम थेट खात्यावर मागवता येत असेल तर चेक घ्याच कशाला?

चेक परत आला तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली दावा करता येतो. परत आल्याची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, त्याला १५ दिवसांची मुदत, तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. खऱ्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले तर हा रस्ता चांगला आहे. पण नावच खोटं असेल तर नोटीस पाठवणार कुणाला? तिथे पोलिसांकडेच जावं लागतं.

ज्यांची मुलं अमेरिकेत शिकायला गेली आहेत त्यांनी त्यांनाही हे कळवावं. तिकडे १९८७ च्या कायद्याप्रमाणे बँकेला चेकची काही रक्कम एक-दोन दिवसांतच खर्चायला मोकळी करावी लागते, आणि चेक बनावट असल्याचं कधी काही आठवड्यांनी कळतं. पैसे वापरता आले म्हणून ते खरे समजू नयेत. घरबसल्या नोकरीच्या नावाने विद्यार्थ्याला चेक पाठवून त्यातले पैसे पुढे पाठवायला सांगणं हा तिथला नेहमीचा डाव आहे. परत आलेल्या चेकची भरपाई त्या पोराने करायची असते.

खातं भाड्याने देऊ नका

एक गोष्ट तरुण पोरांच्या आईबापांनी ऐकावी. लुटलेले पैसे चोर स्वतःच्या खात्यावर घेत नाही. तो कॉलेजातल्या, कामाच्या शोधातल्या पोराला गाठतो. "तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो." पोराला वाटतं, आपण काय केलं? पण कागदोपत्री लुटीचा पैसा त्याच्या नावावर उतरतो. खातं गोठतं, आणि पोलीस पहिला माग काढत त्याच्याच घरी येतात. ज्या खात्यावर सोसायटीच्या दुधाचे आणि भाताचे पैसे येतात तेच गोठलं तर घर चालणार कसं?

पैसे गेले असतील तर

पहिलं म्हणजे घरात भांडण काढू नका. आपल्याकडे फसलेला माणूस लाजेने आठ-आठ दिवस बोलत नाही, आणि तेवढ्यात पैसा दहा खाती फिरून बाहेर पडतो. म्हातारा-म्हातारीला तर लेक-सून बोलतील याचीच भीती जास्त असते. १९३० हा नंबर लावा. तो सायबर फसवणुकीसाठी देशभर एकच आहे. पैसे कुठल्या खात्यात गेले ते पाहून पुढच्या बँकेत ते अडवता येतात, पण कुणी ते काढण्याआधी. म्हणून तासांचा हिशेब आहे, दिवसांचा नाही. सोबत आपल्या बँकेलाही लगेच कळवा.

मग पोलीस ठाणं. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत, वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत, आणि तळेगाव दाभाडे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात गेलं. हद्दीचा घोळ होतो तो इथे. पण गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, तो पुढे योग्य ठाण्याकडे पाठवायचं काम पोलिसांचं, असं आता कायद्यातच आहे. 'आमची हद्द नाही' म्हणून कुणी परत पाठवलं तर नम्रपणे हे सांगा आणि तिथेच बसा.

जाताना पासबुक, चेक परत आल्याची चिठ्ठी, पाकीट आणि कार्ड जे असेल ते न्या. फोन आहे तसा न्या. रागाने संदेश पुसून टाकू नका, त्यातच व्यवहाराचा नंबर आणि वेळ असते. आणि तक्रार दिल्यावर चार दिवसांनी कुणी फोन करून म्हणाला, "मी सायबर खात्यातून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला दोन हजार भरा," तर तो त्याच टोळीतला असतो. त्याचाही नंबर लिहून घ्या आणि ठाण्यात देऊन या.